सीटखालचा पिवळा कपलर

टोमॅटोचा हंगाम लागला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या वाटेवर पिकअपांच्या रांगेत घरच्या मोटारीही दिसू लागतात. डिकी भरली की उरलेला क्रेट चालकाशेजारच्या सीटवर येतो. वीस किलोंच्या त्या वजनाला सीट माणूस समजते, बेल्टची पीप सुरू होते आणि ती बंद पाडायला बकलमध्ये धातूची क्लिप खोचली जाते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. पण ज्या एकदा गाडीत बसल्या त्या बसल्याच. क्रेट उतरतो, क्लिप तशीच राहते. संध्याकाळी त्याच सीटवर घरातली आई बसते आणि तिने बेल्ट लावलेला नाही हे सांगायला गाडीला तोंडच उरलेले नसते.

एअरबॅगच्या दिव्याचे दुखणे याहून गंभीर आहे. किल्ली फिरवली की हा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. विझला नाही तर यंत्रणेत दोष आहे आणि धडकेच्या क्षणी पिशवी उघडेलच याचा भरवसा नाही. पण गाडी नीट पळते, ॲव्हरेज देते, मग दिव्याकडे बघतो कोण? गाडी विकायला काढली की मात्र घाई होते. स्कॅनर लावून दोषाचा कोड उडवला जातो. तो परत आला तर एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडून कंट्रोल युनिटला पिशवी शाबूत असल्याचे भासवले जाते. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होते. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि तिची किंमत पुढच्या मालकाच्या घरातले माणूस जिवाने मोजू शकते.

खरे निदान अनेकदा फार अवघड नसते. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या गॅरेजांत ते नीट करणारे मिस्त्री आहेत. ते आधी कोड वाचून लिहून ठेवतात. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटे थांबतात, कारण कंट्रोल युनिटमध्ये साठलेला चार्ज तेवढ्या वेळाने उतरतो. मग टॉर्च घेऊन सीटखाली वाकतात. एअरबॅग यंत्रणेची वायर आणि कपलर बहुधा पिवळे असतात. रुळावरून सीट शेकडो वेळा पुढेमागे होते, खाली घरंगळलेली पाण्याची बाटली किंवा छत्री कपलरला ढोसते आणि त्याचे लॉक अर्धवट निसटते. कुठे उंदराने वायर कुरतडलेली असते, कुठे गाडी आतून धुताना गेलेल्या पाण्याने पिना हिरवट पडलेल्या असतात. हे सगळे ठीक असेल तरच संशय सीटच्या फोमखालच्या, वजन ओळखणाऱ्या सेन्सरवर जातो. काम झाल्यावर माणसाला सीटवर बसवून, उठवून, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून कोड पुन्हा वाचायचा असतो. एअरबॅगच्या तारांना साधा मल्टिमीटर लावणे मात्र धोक्याचे. तेवढ्या करंटनेही पिशवी फुटू शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या गाड्यांत हा सेन्सर फक्त बेल्टची आठवण करून देण्यापुरता असतो. सीटवर मूल आहे की मोठा माणूस, हे ओळखून एअरबॅग रोखण्याची कुवत त्याच्यात नसते. ती महागड्या गाड्यांत असते, आणि तिथेही ती बिघडते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये होंडाने याच सीटच्या वजन-सेन्सरमधल्या दोषापायी साडेसात लाख गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाशीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. त्यामुळे सेन्सर दुरुस्त असो वा नसो, लेकराची जागा मागेच, बेल्टमध्ये किंवा त्याच्या वयाच्या चाइल्ड सीटमध्ये.

शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची होऊन आता काही वर्षे लोटली. पण ती चालू आहे का, हे कुणी पाहायचे? खासगी मोटारीला फिटनेस तपासणी लागते ती पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. मधल्या काळात ठरावीक मुदतीने होते ती फक्त पीयूसी, आणि तीत धुराखेरीज काही बघितले जात नाही. आमची मागणी साधी आहे. पीयूसी केंद्रावर नंबरप्लेटचा फोटो निघतोच; त्याच वेळी किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा लागतो का आणि लागून विझतो का, एवढे प्रमाणपत्रावर नोंदवावे. जो दिवा मुळी लागतच नाही, तोही दोषच धरावा. मालकी हस्तांतराच्या कागदांत ही नोंद सक्तीची करावी. परिवहन खात्याला यासाठी ना नवे यंत्र लागेल, ना नवी इमारत. तोवर जुनी गाडी घेणाऱ्याने व्यवहाराची रक्कम हाती देण्याआधी ही किल्ली स्वतः फिरवावी, स्कॅनरचा अहवाल मागावा आणि शेजारच्या सीटखाली टॉर्च मारून तो पिवळा कपलर डोळ्यांनी पाहावा.