‘कसं काय?’ ‘जरा कमीच!’

‘काय, कसं काय?’
‘मजेत! तुझं?’
‘एकदम मजेत!’

संपला विषय. कोणालाच कोणाचं काही कळलेलं नाही, तरी दोघंही खूश!

याला खोटेपणा म्हणायचं का? अजिबात नाही. मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं भारदस्त नाव दिलं. म्हणजे माहितीसाठी नाही, तर नातं जागं ठेवण्यासाठी बोलणं. आपल्या आजी-आजोबांना हे न शिकवताच ठाऊक होतं. पत्राची सुरुवात ‘इकडील सर्व क्षेम’नेच व्हायची, मग पुढच्याच ओळीत कुणाचं आजारपण का असेना!

पंचाईत होते ती आपण खरोखर डाऊन असताना. मराठीत शरीराची सोय आहे. ‘आज बरं नाही’ म्हटलं की लगेच ‘ताप आहे का? गोळी घेतलीस?’ मनासाठी मात्र असं छोटंसं, साधं वाक्य पटकन सापडत नाही. मग आपलं ‘मजेत’ आहेच!

गेल्या पावसाळ्यात माझे तीन आठवडे असेच गेले. कारण विचाराल तर धड एकही नाही. पण दर ‘मजेत’नंतर आणखी एकटं वाटायचं. एका सकाळी द्रोणागिरी स्टेशनवर रोजच्या गाडीतल्या ताईंनी विचारलं, ‘काय गं, बरी आहेस ना?’ म्हटलं, ‘आज जरा कमीच आहे हो. का, ते नाही माहीत.’ ताई दचकल्या नाहीत. सल्लाही दिला नाही. ‘होतं असं. बस इथे,’ म्हणाल्या आणि खारकोपर येईपर्यंत भाच्याच्या बारशाचे किस्से सांगत राहिल्या.

उदासी गेली? छे! पण निदान ती लपवायची ड्युटी संपली. ती केवढी जड होती, हे तेव्हा कळलं.

आमच्या इथल्या डोंगराची एक आख्यायिका आहे. हनुमान संजीवनीसाठी पर्वत घेऊन निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला म्हणे. नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा पर्वतच उचलला होता! आपलं तसं नको. ‘कसं काय?’ विचारणाऱ्याच्या अंगावर अख्खा डोंगर टाकायची गरज नाही. एक पान पुरतं.

वॉचमनकाकांना ‘चाललंय’ पुरे. ऑफिसमधल्या शेजाऱ्याला ‘आज मूड नाही रे, काम करतोय पण’ एवढं सांगा. आणि एका, फक्त एका माणसाला खरं खरं सांगा. सोबत काय हवंय तेही सांगा, ‘सल्ला नको, नुसतं ऐक.’ समोरचाही सुटतो बिचारा!

पण उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळली, झोप-भूक बिघडली, जगणंच नको वाटायला लागलं, तर तो स्मॉल टॉकचा विषय उरत नाही. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.

आणि हो, उद्या कुणी ‘मजेत’ म्हणालं आणि चेहरा काही वेगळंच सांगत असला, तर मोबाइल खिशात ठेवा आणि एकदाच विचारा, ‘खरंच?’