परतणाऱ्याने मागे काय ठेवायचं?

सोमाली भाषेत परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या माणसाला ‘कुर्बाजोग’ म्हणतात. मोगादिशूत हा शब्द कधी कौतुकाने उच्चारला जातो, तर कधी कपाळाला आठ्या घालून. लंडन किंवा मिनेसोटातून आलेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा, खिशात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेला माणूस मंत्रालयात मोठ्या खुर्चीवर बसतो, तेव्हा इतकी वर्षं बॉम्बस्फोटांच्या आवाजात काम करत राहिलेल्या कारकुनाला काय वाटत असेल? माझ्या मते या माणसाची देशाला गरज आहे, पण त्याला बोलावताना काही अटी आधीच ठरवायला हव्यात.

जानेवारी 1991 मध्ये सियाद बर्रे यांची राजवट कोसळली आणि सोमालियात केंद्र सरकार नावाची गोष्टच उरली नाही. लाखो लोक केनिया, येमेन, ब्रिटन, स्वीडन, अमेरिकेत पांगले. परराष्ट्र खात्याचीही वाताहत झाली. सोमाली पासपोर्ट अनेक देशांनी मान्य करणं सोडून दिलं. म्हणजे देशाबाहेर पडलेल्या माणसाला ‘मी अमुक देशाचा’ हे सिद्ध करून देणारं कोणी राहिलं नाही.

परराष्ट्र खातं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हस्तांदोलनाचे फोटो येतात. पण ज्यांच्या घरातलं कोणी कुवेत, दुबई किंवा रियाधला आहे, त्यांना दूतावास म्हणजे काय ते नीट ठाऊक असतं. पासपोर्टचं नूतनीकरण, कागदांवरचा शिक्का, मालकाने अडकवून ठेवलेला कामगार, आणि मय्यत घरी आणण्यासाठीची धावपळ. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक मोहल्ल्यांनी हे अनुभवलं आहे. दूतावासात फोन उचलणारा माणूस असणं ही गरिबाची गरज आहे, श्रीमंताचं काम वकील करतो.

2012 मध्ये सोमालियात संघराज्य सरकार आलं. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या फौजिया युसूफ हाजी आदन देशाच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेने या सरकारला मान्यता दिली. पुढे 2015 मध्ये अब्दुसलाम उमर परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी त्याआधी वॉशिंग्टन शहराच्या प्रशासनात काम केलं होतं. 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले फर्माजो न्यूयॉर्क राज्याच्या परिवहन विभागात नोकरी करत होते. खालच्या पायऱ्यांवरही हेच घडलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने परदेशस्थ तज्ज्ञांना थोड्या काळासाठी मायदेशी पाठवायची ‘टोकटेन’ ही योजना 1977 मध्ये तुर्कस्तानातून सुरू केली होती. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने 2001 मध्ये आफ्रिकेसाठी ‘मिडा’ आणली. अशा मार्गांनी सोमालियाच्या सरकारी खात्यांत परदेशस्थ तज्ज्ञ येऊन बसले.

त्यांचा उपयोग काय, याचं उदाहरण पैशाचं आहे. परदेशातून घरी येणाऱ्या पैशावर असंख्य सोमाली कुटुंबांची चूल पेटते. 2013 मध्ये बार्कलेज बँकेने ‘दहबशील’ या मोठ्या सोमाली हवाला कंपनीचं खातं बंद करायचं ठरवलं, आणि प्रकरण ब्रिटनच्या न्यायालयात गेलं. 2015 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका बँकेनेही सोमाली कंपन्यांची खाती बंद केली. काळ्या पैशाच्या कायद्यांची भीती हे कारण होतं. अशा वेळी बँकेच्या नियमपालन विभागाशी त्याच्याच भाषेत बोलू शकणारा माणूस सरकारकडे हवा. तो मोगादिशूत बसून तयार होत नाही. लंडनमध्ये दहा वर्षं त्याच विभागात काम केलेली सोमाली मुलगी ते काम एका दुपारी समजावून देईल.

आता दुसरी बाजू. एप्रिल 2009 मध्ये केनिया आणि सोमालियाने सागरी हद्दीबाबत एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. तो तयार करण्यात नॉर्वेची मदत होती. सोमालियाच्या वतीने सही केली ती राष्ट्रीय नियोजन मंत्र्यांनी. पुढे सोमाली संसदेने तो फेटाळला. 2014 मध्ये सोमालिया हद्दीचा वाद घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा केनियाने हाच कागद पुढे केला : आपसांत बोलून मिटवायचं ठरलं होतं, मग न्यायालयात कशाला? 2017 मध्ये न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये निकाल बऱ्याच अंशी सोमालियाच्या बाजूने लागला. पण एका छोट्या कागदाने देशाचा समुद्र पणाला लावला होता. बाहेरच्या मदतीने तयार झालेला मसुदा ओळ न् ओळ वाचून ‘थांबा, याचा पुढे असाही अर्थ लावला जाईल’ असं सांगणारं कायमचं कायदा खातं घरात नसेल, तर मदत करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, धोका राहतोच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक जुना प्रश्न विचारतात : अमुक माणूस उद्या आला नाही, तर काम चालेल का? माझ्या आधीच्या एका नोकरीत ग्राहकाने बाहेरून एक हुशार तज्ज्ञ आणला होता. त्याने सहा महिन्यांत सुंदर प्रणाली उभी केली. तो गेला आणि पासवर्ड कुठे आहेत हे शोधण्यात आमचे आठवडे गेले. हुशारीत तो कुठेही कमी नव्हता. काम हवाली करणं हा कामाचाच भाग आहे, असं त्याच्या करारात कोणी लिहिलं नव्हतं.

मंत्रालयाचंही तसंच आहे. म्हणून माझ्या अटी साध्या आहेत. एक, प्रत्येक परदेशस्थ तज्ज्ञासोबत दोन स्थानिक अधिकारी पहिल्या दिवसापासून बसावेत, आणि तज्ज्ञाचं यश ते दोघे काय शिकले यावरून मोजावं. दोन, ईमेल, सर्व्हर, अर्जांची नोंद, करारांच्या प्रती हे सगळं खात्याच्या मालकीचं असावं, कोणाच्या खासगी खात्यात नव्हे. तीन, कामाची टिपणं सोमालीतही असावीत. 1972 मध्ये या भाषेने रोमन लिपी स्वीकारली आणि ती सरकारी कामकाजाची भाषा झाली. इंग्रजीतच राहिलेलं ज्ञान इंग्रजी येणाऱ्यासोबत विमानात बसून परत जातं. चार, पगारातली दरी उघड सांगावी आणि ती कधी बुजणार त्याची तारीख द्यावी.

‘इतक्या अटी घातल्या तर येणार कोण?’ असं कोणी विचारेल. प्रश्न खोटा नाही. मोगादिशूत काम करणं जिवावरचं आहे, आणि कुटुंब परदेशी ठेवून येणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ज्याला खरंच काही उभं करायचं आहे, त्याला या अटी जाचक वाटणार नाहीत. एस्टोनियाचे तोमास हेन्ड्रिक इल्वेस स्टॉकहोममध्ये जन्मले, अमेरिकेत वाढले, शाळेतच प्रोग्रॅमिंग शिकले. 1993 मध्ये ते वॉशिंग्टनमध्ये एस्टोनियाचे राजदूत झाले, 1996 मध्ये परराष्ट्रमंत्री. पण त्यांच्यासारख्यांनी आग्रह धरला तो शाळाशाळांत संगणक पोचवायचा, आणि ती योजना त्याच वर्षी जाहीर झाली. पुढची पिढी घरातच तयार झाली. एस्टोनिया लहान आणि शांत देश, सोमालियाशी त्याची बरोबरी नाही. तरी परदेशातून आलेल्याने पुढच्या पिढीचा विचार करणं दोन्हीकडे शक्य आहे.

जानेवारी 2025 पासून दोन वर्षांसाठी सोमालिया संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा सदस्य आहे. पुढच्या खुर्चीवर कोण बसलंय ते सगळे बघतील. मला उत्सुकता आहे ती मागच्या रांगेत टिपणं घेणाऱ्या, मोगादिशूतच शिकलेल्या तरुणांची.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या दुबईला, टोरांटोला जातील. कधी सुट्टीवर याल, तेव्हा मोहल्ल्यातली वाचनालयाची समिती किंवा शिष्यवृत्तीचा ट्रस्ट तुमच्याकडे सल्ला मागेल. जरूर द्या, वेबसाइटही बनवून द्या. फक्त परतीच्या विमानात बसण्याआधी ती चालवायला गावातल्याच दोन मुलामुलींना शिकवा, आणि पासवर्ड त्यांच्या हाती द्या.