आडनाव विचारणारे घरमालक आपल्यातही?

नोकरीत स्थिरावलेले आपले तरुण गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेतात, भाड्याने देतात. जरूर घ्या. पण घरमालक होताना आपला इतिहास विसरू नका.

1917 साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातल्या पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. आज लाठी लागत नाही. एजंट फोनवर आडनाव विचारतो आणि जागा ‘आत्ताच गेली’ म्हणतो.

नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे गुन्हा आहे. म्हणून तर जात कुणी तोंडाने उच्चारत नाही. ‘ओन्ली व्हेज’ म्हटले की भागते, पुरावाही उरत नाही.

आणि आपलाच मालक ‘चांगली फॅमिली बघा’ म्हणून एजंटवर सोपवतो, तेव्हा चाळणी तीच चालते. जास्त भाड्याच्या आशेने आपल्याच पोराला दार बंद होते.

भाडेकरूचा पगार बघा, डिपॉझिट घ्या, करार नोंदवा. आडनाव आणि ताटातले अन्न विचारायचे नाही, हे एजंटला आधीच बजावा. एवढेही जमत नसेल, तर भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कशासाठी?

जय भीम!