गिटारची गुरगुर आणि एक वायर

परवा भाच्याची गिटार उघडून बसलो होतो. सेकंडहँड, स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची. तक्रार अशी की अँपला जोडली की गुरगुरते आणि तारांवर हात ठेवला तरी गप्प होत नाही. मागचं झाकण काढलं तर रोग समोरच दिसला. स्प्रिंगा ज्या धातूच्या पट्टीला अडकवतात, तिच्यावरची काळी वायर सुटून लोंबत होती. ब्रिज, आणि त्याच्यामार्फत सगळ्या तारा, सर्किटच्या ग्राउंडला जोडणारी ती हीच.

आपलं शरीर म्हणजे चालतीबोलती अँटेना. घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुरगुर ते पकडतं आणि गिटारच्या सर्किटपर्यंत पोचवतं. तारा ग्राउंड असल्या की त्यांना हात लावताच वाजवणाराही ग्राउंड होतो आणि गुरगुर बसते. (सिंगल कॉइल पिकअप ट्रान्सफॉर्मरजवळ नेल्यावर घुमतो ते प्रकरण वेगळं, तिथे ही वायर काही करू शकत नाही.) वायर सोल्डर केली, मीटर लावून पाहिलं, भाचा खूश.. मामाही खूश.

इथेच संपलं असतं तर लिहायला बसलो नसतो.

अँपचा प्लग तीन पिनांचा. ताईच्या जुन्या घरात बाहेरच्या खोलीतलं सॉकेट दोन पिनांचं. मग मीच माझ्या खणातला अडॅप्टर काढून दिला. हो, मीच! गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली. माइकचं मशीन स्वयंपाकघरातल्या तीन पिनांच्या सॉकेटवर होतं. तारांवर हात, ओठ माइकला लागला आणि पोरगं किंचाळून मागे सरलं. निभावलं, पण ताईचा चेहरा आठवला की अजून घशाला कोरड पडते.

त्याच्या मित्राने लगेच तोडगा काढला, "ती वायरच कापून टाक." माझं मत नेमकं उलट आहे. वायर कापली तर गुरगुर परत येईल, आणि जॅकची धातूची प्लेट तरीही अँपच्या चासीला जोडलेली राहीलच. दोष वायरचा नव्हता. अँपच्या चासीला जमिनीपर्यंतची वाट मी अडॅप्टर लावून बंद केली होती, आणि मग ती वाट पोराच्या अंगातून निघाली. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. हे मला ठाऊक होतं, तरी अडॅप्टर दिला.

ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला तारा ग्राउंड करायची गरज नसते, तिथे ही वायर खुशाल काढावी. साध्या पिकअपच्या गिटारमध्ये मात्र राहू द्या, आणि आधी भिंतीतलं सॉकेट तपासा. आमच्या वायरमनने टेस्ट लँप लावला तर स्वयंपाकघर सोडून घरभर कुठेच अर्थिंग निघालं नाही. तीस वर्षं त्या घरात सगळे बिनधास्त राहत होते!

आता अर्थिंगची वायर ओढून झालीय, मीटरपाशी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसलीय. माडीवरची दोन सॉकेटं तेवढी राहिलीत. ताई, वायरमन रविवारी दहाला येतो म्हणालाय, तोवर माडीवर अँप लावू देऊ नकोस.