आखाडा आपल्याच घरात पाहिजे

कोड शिकायचा म्हटलं की पहिलं काय सांगतात? अमक्या साइटवर खातं काढ, ईमेल दे, मग लिही. म्हंजे शिकायच्या आधीच नाव-गाव सांगून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. माझा या रिवाजालाच विरोध आहे.

दुसऱ्याचं आंगण फुकट असतं ते मालकाची मर्जी असेतो. हेरोकूनं नोव्हेंबर २०२२ मधे फुकटची सोय बंद केली. ग्लिचवर पोरं-पोरी वर्षानुवर्षं प्रयोग करत होती; जुलै २०२५ मधे तिथलं होस्टिंग संपलं. धंदा त्यांचा, हिशेब त्यांचा. खेळायची जागा मात्र पोरांची गेली.

आणि आखाडा तर आपल्याच मशीनमधे पडून आहे! ब्राउझर उघडा, एफ-१२ दाबा, कन्सोल समोर. जावास्क्रिप्ट लिहा, एंटर मारा, उत्तर हजर. जास्त लिहायचंय? एक एचटीएमएल फाइल करा, तीच ब्राउझरमधे उघडा. पुढं एका फाइलीतून दुसरं मॉड्यूल मागवायला गेलात की ब्राउझर अडून बसतो, सर्व्हर मागतो. मागू दे. पायथनच्या पोटातच छोटा सर्व्हर आहे. एका ओळीत तो ८००० नंबरच्या पोर्टवर उभा राहतो. पत्ता लोकलहोस्ट, म्हंजे १२७.०.०.१. या पत्त्यावरची मागणी मशीनबाहेर पाऊलच टाकत नाही. नेट तोडा, तरी चालतं. ब्राउझरमधे पायथनच चालवायचाय? २०१८ मधे मोझिलात सुरू झालेला पायोडाइड आहे. एकदा सगळा उतरवून फोल्डरमधे ठेवा, मिटलं.

एक ध्यानात ठेवा. पायथनचा तो सर्व्हर आपसूक सगळ्या नेटवर्ककडं तोंड करून बसतो. त्याच वायफायवरचा कुणीही तुमचं फोल्डर बघू शकतो. म्हणून सुरू करतानाच त्याला १२७.०.०.१ ला बांधा. आपलं घर, आपली कडी.

कुणी विचारील, ज्याच्याकडं नुसता मोबाईल आहे त्यानं काय करायचं? सवाल रास्त आहे. तिथं तीच कडी आपण होऊन काढा. वस्तीतल्या वाचनालयात एक जुनं मशीन, त्यावर फक्त सरावाचं फोल्डर, आणि त्याच वायफायवर दहा मोबाईल. बाहेरचं इंटरनेट नसलं तरी दहाजण शिकतील.

मोडल्याशिवाय कोड येत नाही. आणि परक्याच्या घरात माणूस मोडायला भितो. म्हणून म्हणतो, आपल्या मशीनवर मोडा, जोडा, पुन्हा मोडा. परवानगी कुणाची मागायची नाही.