शिवाराला गुण कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. विषय आला, पर्यावरण मात्र वर्गाबाहेरच राहिले. प्रकल्पवहीत बाजारातली तयार चित्रे चिकटवायची, प्रदूषणाचे प्रकार पाठ करायचे, की झाला अभ्यास. पहिल्या पावसानंतर कोणते गवत गुरे तोंडात धरत नाहीत हे जाणणारा गुराख्याचा मुलगा ‘परिसंस्था’ची व्याख्या चुकली म्हणून नापास होतो. हे त्याचे अज्ञान मानायचे की परीक्षेचे?

याहून वेगळे काही होऊ शकते, हे मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्याने दाखविले होते. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ साली तेथील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान-शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. मुले शेतात जात, पाने-किडे गोळा करीत, निरीक्षणे लिहीत आणि त्यांतून प्रश्न काढीत. विशेष म्हणजे परीक्षेला पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा होती; घोकंपट्टीचा पायाच त्यामुळे उखडला गेला. पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. गरिबाच्या मुलाने प्रश्न विचारावेत, ही गोष्ट कोणत्याही सत्तेला फार काळ मानवत नाही.

आपल्याकडे अशा शिक्षणाला साधनांची वाण नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत घ्या. बंधाऱ्यातून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी पाटकऱ्याने वाटायचे. या एका पाटाकाठी जलविज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र तिन्ही शिकता येतात. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा लोकांनी देवाच्या नावाने राखलेल्या रानाचे मोल शास्त्राच्या भाषेत नोंदले गेले. शिक्षकाने त्या रानात मार्गदर्शक म्हणून नव्हे, तर गावातल्या वैदूचा आणि मोळीवालीचा विद्यार्थी म्हणून शिरावे.

मात्र ‘ग्रामीण परंपरा’ म्हटले की ज्यांना गहिवर येतो, त्यांचीही धास्ती वाटते. कित्येक देवरायांत स्त्रियांना मज्जाव असे. पाणवठा म्हणजे केवळ जलस्रोत नव्हे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हाही आपल्या पर्यावरणाचाच इतिहास आहे. म्हणून मुले गावाच्या पाण्याचा नकाशा काढतील तेव्हा त्यांनी विहिरीची खोली मोजावी, आणि कोणत्या वस्तीच्या बाया किती दूरवरून हंडे आणतात तेही मोजावे. हा दुसरा रकाना नसलेली सहल ही सहलच; तिला अभ्यास म्हणू नये.

शिक्षकांना वेळ कोठे आहे, असे विचारले जाईल. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमान्वये त्यांना जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांच्या कामाला जुंपता येते. मग महिन्यातले दोन दिवस मुलांसह शिवारात घालविण्याचा हक्कही वेळापत्रकात लिहून द्यावा, आणि या विषयाचे निम्मे गुण तेथे केलेल्या नोंदींवर ठेवावेत. एवढे करण्यास नवा निधीही लागत नाही.