स्क्रीन डुलकी काढते तेव्हा…

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवा, असं मी याच पानावर मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न फार वेळा होता: ‘सगळं झकास चाललंय, पण स्वतःच्या फोटोंचा स्क्रीनसेव्हर कसा लावायचा?’ मला वाटलं होतं, लोक प्रिंटरबद्दल विचारतील. पण नाही! आपल्याला स्क्रीनवर आपली माणसं हवी असतात. बरोबरच आहे. दिवसभर एक्सेलच्या चौकटी बघायच्या आणि चहा प्यायला उठलो तर मागे काळाकुट्ट पडदा, हे काही खरं नाही.

स्क्रीनसेव्हर ही मुळात गरजेची गोष्ट होती. जुन्या डबड्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग काचेमागे कायमचा बसायचा. म्हणून काहीतरी हलतं ठेवायचं. एलसीडी आले आणि ती भीती जवळपास संपली (ओएलईडीवाल्यांनी मात्र निर्धास्त राहू नये). मग लिनक्सवाल्यांनीही शिस्त लावली. उबुंटूमधून २०११ च्या ११.१० आवृत्तीत ही सगळी गंमत हद्दपार झाली आणि उरला नुसता काळा पडदा. वीज वाचते हे मान्य. पण घर असं नुसतं नीटनेटकं असून कसं चालेल?

तर यावरचा उपाय म्हणजे एक्सस्क्रीनसेव्हर. जेमी झाविन्स्की नावाच्या गृहस्थाने १९९२ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला आणि इतकी वर्षं झाली तरी तोच त्याची निगा राखतोय. हा माणूस नेटस्केपच्या सुरुवातीच्या टीममधला. पुढे त्याने सॅन फ्रान्सिस्कोत डीएनए लाउंज नावाचा नाइटक्लब घेतला. कोडिंग सोडून नाइटक्लब! आपल्यातल्या कित्येकांचं हे गुपित स्वप्न असेल. पण क्लब चालवतानाही त्याने स्क्रीनसेव्हर सोडला नाही. दोनशेच्या वर नमुने आहेत त्यात. काही त्याचे, काही इतरांनी लिहिलेले.

आता कामाचं बोलू. मिंटची एक्सएफसीई किंवा माटे आवृत्ती असेल तर काम सोपं आहे. नव्या उबुंटूत वेलँड नावाची वेगळी व्यवस्था असते आणि एक्सस्क्रीनसेव्हरला तिथे स्क्रीन लॉक करता येत नाही, त्यामुळे त्या वाटेला मी तरी जाणार नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, एक्सस्क्रीनसेव्हर शोधा आणि बसवा. त्याच नावाचं, पुढे ‘जीएल’ लावलेलं पॅकेजही घ्या. फोटोंचा सगळ्यात देखणा नमुना त्यात आहे. आणखी एक, आधीपासून असलेला स्क्रीनसेव्हर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या तर कधी हा जागा होतो, कधी तो.

मग एक्सस्क्रीनसेव्हरच्या सेटिंग्ज उघडा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये चित्रांचा भाग आहे. तिथे फोल्डरमधून कुठलीही चित्रं निवडण्याच्या पर्यायावर टिक करा आणि आपला फोल्डर दाखवा. पहिल्या टॅबमध्ये परत या, ‘फक्त एकच स्क्रीनसेव्हर’ हा पर्याय घ्या आणि यादीतून ‘जीएलस्लाइडशो’ निवडा. झालं! फोटो हळूहळू सरकतो, किंचित मोठा होतो आणि पुढच्यात विरघळतो. डॉक्युमेंटरीत जुने फोटो दाखवतात ना, अगदी तसं. फोटो किती वेळानं बदलावा, त्याचा निदान किती टक्के भाग दिसावा, फाइलचं नाव लिहावं का, हे सगळं तिथल्या सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. उभे फोटो जास्त असतील तर तो टक्का वाढवा, नाहीतर लग्नाच्या फोटोत नुसते फेटेच दिसतील. फोल्डरात नवे फोटो टाकले आणि लगेच आले नाहीत तर वैतागू नका. फोल्डरची यादी तो तीन तास जपून ठेवतो, मग नव्याने बघतो.

मराठीत काही लिहून लावायचंय? मजकूर दाखवणारे नमुने आहेत, पण मी त्या भानगडीत पडत नाही. लिब्रेऑफिसमध्ये छान अक्षरात लिहायचं, चित्र म्हणून सेव्ह करायचं आणि त्याच फोल्डरात टाकायचं. जोडाक्षरांची काळजी मिटली.

फोटो कुठले टाकायचे, हा खरा प्रश्न आहे. आमच्या हॉलमधल्या जुन्या लॅपटॉपवर मी बाबांच्या डिजिटल कॅमेऱ्यातला एक फोल्डर लावला. २००६ सालचा, साताऱ्याच्या घराचा. ते घर आता आमचं नाही आणि बाबाही नाहीत. फोटो तीन हार्ड डिस्कवर बॅकअपसकट शाबूत होते, पण ते कोणी बघत नव्हतं. आई भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, “अगं, हा प्राजक्त! हा फोटो कुठे होता इतके दिवस?” मी म्हटलं, “इथेच होता की गं.” “मग दाखवला का नाहीस?” यावर काय बोलणार? मग तिने मला सांगितलं की मागच्या दारातली ती कुबडी घागर आजीची नव्हे, शेजारच्या काकूंची, आणि ती परत द्यायचीच राहिली. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. गॅलरीत आपण ठरवून जातो आणि हवा तोच फोटो उघडतो. स्क्रीनसेव्हर मात्र कोणी न मागितलेला फोटो समोर आणतो. म्हणून फार निवड करू नका. हललेले, अर्धे कापलेले फोटोही राहू द्या.

ऑफिसात मात्र निवड करा बुवा! गोव्याच्या ट्रिपचे फोटो तुमच्या खुर्चीमागून कोण कोण बघणार आहे, याचा आधी विचार करा. आणि फोटोंपेक्षा जपायची गोष्ट वेगळीच आहे. त्याच ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये डेस्कटॉपचं चित्र वापरू देण्याचा एक पर्याय असतो. तिथे टिक असेल तर काही नमुने तुमच्या उघड्या स्क्रीनचाच फोटो काढून तो वितळवतात, गरगर फिरवतात. दिसायला धमाल. पण त्या स्क्रीनवर तुमची सॅलरी स्लिप किंवा दुसऱ्या कंपनीला पाठवायचा बायोडेटा उघडा असेल, तर लॉक लावूनही तो अख्ख्या फ्लोअरसमोर वितळत बसेल. ती टिक काढा. आत्ताच.

लॉकचंही तेच. ‘लॉक स्क्रीन’वर टिक करून वेळ कमी ठेवा. लॉक म्हणजे पासवर्डची खिडकी, एवढंच आपल्याला वाटतं, पण गोष्ट नाजूक आहे. जानेवारी २०२१ मध्ये मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपच्या लॉकचा एक किस्सा गाजला होता. एका बापाने कळवलं की त्याच्या पोरांनी लॉक असताना खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दोन्ही धपाधप बडवले, आणि लॉकच कोसळून डेस्कटॉप सताड उघडा! मिंटने लगेच दुरुस्ती दिली. झाविन्स्की मात्र कित्येक वर्षं आधीपासून कानीकपाळी ओरडत होता की कुलूप लावणारा प्रोग्रॅम छोटा आणि साधाच हवा, कारण तो कोसळला की दार उघडं पडतं. त्याचा स्वभाव जरा तिखट आहे. २०१६ मध्ये डेबियनवाले त्याची जुनी आवृत्ती वाटत राहिले, तेव्हा ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ अशी चेतावणी थेट लोकांच्या लॉक स्क्रीनवर झळकली, आणि नवी द्यायची नसेल तर माझा प्रोग्रॅम काढूनच टाका, असं त्यानं सुनावलं. भांडकुदळ असेल, पण कुलपाच्या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. म्हणूनच अपडेट आला की ‘नंतर बघू’ म्हणू नका.

विजेचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, स्क्रीन बंद झाली तरच वाचते. माझा हिशेब असा आहे: पाच मिनिटांनी फोटो सुरू, वीस मिनिटांनी स्क्रीन बंद. पॉवर मॅनेजमेंटच्या सेटिंग्ज त्याच टॅबमध्ये आहेत. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर फोटोंचा नाद सोडा आणि सरळ काळा पडदा घ्या.

आणि हो, यादीत ‘बीएसओडी’ नावाचा एक नमुना आहे. तो वेगवेगळ्या कम्प्युटर्सचे क्रॅश झालेले पडदे हुबेहूब दाखवतो, विंडोजच्या निळ्या पडद्यासकट. ऑफिसात लावायचा मोह होईल, पण आयटीवाल्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो बिचारा मदतीला धावत येईल आणि पहिलं काम म्हणून पॉवरचं बटण दाबेल.